नवख्या रनिंग बॅकवर किती भरवसा ठेवायचा? फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टआधीचा हिशेब

२०१६ साली गणेश चतुर्थी आणि अमेरिकेतला लेबर डे एकाच दिवशी आले होते, ५ सप्टेंबरला. आदल्या रात्री आमच्या फँटसी लीगचा ड्राफ्ट होता, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आळीपाळीने निवडून आपापला कागदी संघ बांधायची रात्र. त्या खेळाडूंच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. एका खोलीत मखराला शेवटचा हात फिरवणं चाललं होतं. दुसऱ्या खोलीत लॅपटॉपवरचं घड्याळ साठावरून खाली येत होतं आणि मला एकच गोष्ट ठरवायची होती. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, अजून एकही सामना न खेळलेल्या एझेकिएल इलियट या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला) पहिल्याच फेरीत घ्यायचं का?

मी घेतलं. त्या हंगामात इलियटने १,६३१ यार्ड आणि १५ रशिंग टचडाउन काढले, म्हणजे १५ वेळा धावत चेंडू गोल लाइन या शेवटच्या रेषेपार नेला. धावून यार्ड मिळवण्यात तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. पण त्या रात्री मी हा निर्णय कशाच्या जोरावर घेतला, असं कुणी विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. चार वर्षांनी तितक्याच विश्वासाने मी दुसऱ्या एका नवख्या रनिंग बॅकला पहिल्या फेरीत घेतलं आणि अख्खा हंगाम त्याची भरपाई करत बसलो. तेव्हापासून ऑगस्टमध्ये मी एक कागद घेऊन बसतो. त्या कागदावर काय लिहितो ते इथे सविस्तर मांडतोय. ऑफिसच्या लीगमध्ये नव्याने ओढल्या गेलेल्या आपल्या लोकांना त्याचा उपयोग व्हावा, ही इच्छा.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. पोरगा किती गुणी आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की चेंडू त्याच्या हातात किती वेळा येणार, आणि त्यासाठी मी ड्राफ्टमधली कितव्या नंबरची जागा खर्च करतोय. क्रिकेटमध्ये सातव्या क्रमांकावर पाठवलेल्या फलंदाजाने वीस षटकांत शतक कुठून काढायचं? रनिंग बॅकचंही तसंच असतं.

लीगचे नियम आधी वाचा

बहुतेक लीगमध्ये दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला सहा गुण असतात. फरक पडतो तो पकडलेल्या पासला किती गुण मिळतात यावर. पीपीआर पद्धतीत प्रत्येक झेललेल्या पासला एक पूर्ण गुण असतो. हाफ पीपीआरमध्ये अर्धा, तर जुन्या पद्धतीच्या लीगमध्ये काहीच नाही. २०१७ साली ख्रिश्चन मॅकॅफ्री नवखा होता. धावून त्याने फक्त ४३५ यार्ड काढले, म्हणजे नुसता रशिंगचा आकडा बघणाऱ्याला तो फसलेला वाटला असता. पण त्याने ८० पास पकडले होते. पीपीआर लीगमध्ये हे नुसते ८० गुण होतात, आठवड्याला पाच. खेळाडू तोच, पण एका लीगमध्ये तो रोज संघात बसतो आणि दुसऱ्या लीगमध्ये बेंचवर.

बेंचवर किती जागा आहेत तेही बघा. बेंच चार जणांचा असेल तर ऑक्टोबरपर्यंत ज्याची वाट बघावी लागेल असा खेळाडू परवडत नाही. सात जणांचा असेल तर परवडतो. जखमी खेळाडूसाठी वेगळी जागा आहे का, वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीतून, खेळाडू कोणत्या पद्धतीने मिळतो, अंतिम सामना कितव्या आठवड्यात आहे, हे सगळं कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. यात दहा मिनिटंही जात नाहीत.

चेंडू कुणाकुणात वाटला जाणार?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. संघातल्या सगळ्या रनिंग बॅकची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी नोंदवा. पहिल्या दोन डाउनला (डाउन म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) कोण धावणार, तिसऱ्या डाउनला कोण मैदानात असणार, आणि गोल लाइनजवळ चेंडू कुणाला मिळणार. तिन्ही रकान्यांत तुमच्या पोराचं नाव येत असेल तर तो खरा सोन्याचा तुकडा. एकाच रकान्यात येत असेल तर त्याचा भाव त्या हिशेबाने उतरला पाहिजे.

२०२३ मध्ये एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये (तिथे खरे संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात) अटलांटा फाल्कन्सने बिजान रॉबिन्सनला आठव्या क्रमांकावर निवडलं. इतक्या वर रनिंग बॅक घेणं आता दुर्मिळ झालंय, त्यामुळे फँटसी ड्राफ्टमध्येही तो पहिल्या फेरीत गेला. पण त्याच संघात टायलर ऑल्जियर होता. आदल्याच वर्षी, स्वतः नवखा असताना, त्याने १,०३५ यार्ड काढले होते. असा माणूस बेंचवर बसून राहत नाही. हंगाम संपला तेव्हा रॉबिन्सनच्या वाट्याला २१४ कॅरी (चेंडू घेऊन धावायच्या खेपा) आल्या होत्या आणि ऑल्जियरच्या वाट्याला १८६. रॉबिन्सनने पकडलेल्या ५८ पासमुळे त्याचं वर्ष सावरलं, पण पहिल्या फेरीची किंमत वसूल झाली नाही. त्याचा दर्जा खोटा नव्हता हे पुढच्या वर्षी सगळ्यांनी पाहिलंच. त्या वर्षी वाटणी आड आली.

याहून बोलकं उदाहरण २०२१ च्या डेन्व्हर ब्रॉन्कोसचं आहे. नवखा जव्हॉन्टे विल्यम्स आणि जुना जाणता मेल्विन गॉर्डन यांना त्या हंगामात सारख्याच, बरोबर २०३-२०३ कॅरी मिळाल्या. विल्यम्सचे यार्ड ९०३ आणि गॉर्डनचे ९१८. धावून काढलेले टचडाउन विल्यम्सचे चार, गॉर्डनचे आठ. ड्राफ्टमध्ये मात्र सगळ्यांचा जीव विल्यम्सवर होता आणि गॉर्डन त्याच्यामागून स्वस्तात मिळत होता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. दोघांत वाटणी दिसत असेल आणि एक नवखा महाग असेल, तर मी मागे राहिलेला स्वस्त भिडू घेतो.

तिसऱ्या डाउनचं गणित

नवख्याला प्रशिक्षक पूर्ण वेळ का खेळवत नाहीत, हे कळायला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तिसरा डाउन, आठ यार्ड हवेत. चेंडू हातात येताच पास फेकणारा क्वार्टरबॅक मागे सरतो. तेवढ्यात डाव्या बाजूने समोरच्या संघाचा बचावपटू, लाइनबॅकर, सगळं सोडून त्याच्या अंगावर धावत येतो. अशा वेळी रनिंग बॅकने चेंडूचा विचार सोडून त्या लाइनबॅकरच्या वाटेत उभं राहायचं आणि त्याच्या छातीत खांदा घालायचा असतो. नेमका कोण येणार हे चेंडू सुटण्याआधीच ओळखावं लागतं. कॉलेजात या मुलांना हे काम फार कमी पडतं, कारण तिथे चेंडू त्यांच्याच हातात असतो. इथे एकदा चूक झाली की कोट्यवधी डॉलर्सचा क्वार्टरबॅक जमिनीवर आडवा. मग प्रशिक्षक पुढच्या तिसऱ्या डाउनला तिशीतला, पाय जड झालेला, पण अंगावर येणारा माणूस ओळखणारा बॅक मैदानात उतरवतो. पास पकडायची संधीही त्याच्याबरोबर जाते. नवख्याचे पीपीआर गुण इथेच गळतात.

म्हणून ऑगस्टमधल्या बातम्यांत ‘काय पळतो पोरगा!’ अशी वाक्यं मी सोडून देतो. पास प्रोटेक्शनबद्दल, म्हणजे क्वार्टरबॅकला असं वाचवण्याबद्दल, प्रशिक्षक काय बोलतोय ते शोधतो.

संघाने त्याच्यासाठी काय मोजलंय?

एनएफएलच्या ड्राफ्टमधला क्रमांक म्हणजे संघाने दिलेली किंमत. पहिल्या दहांत घेतलेल्या बॅकला संघ सहसा बसवून ठेवत नाही. इलियट चौथा होता. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या सक्वॉन बार्कलीने पहिल्याच वर्षी धावून आणि पास पकडून मिळून २,०२८ यार्ड काढले. २०१२ चा ट्रेंट रिचर्डसन बघा. क्लीव्हलँडने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. कॅरीमागे त्याला साडेतीन यार्डांच्या आसपासच मिळत होते, तरी चेंडू त्याच्याकडेच येत राहिला. त्यामुळे ९५० यार्डांबरोबर ११ रशिंग टचडाउनही झाले. फँटसीसाठी ते वर्ष चांगलंच होतं. पुढच्या सप्टेंबरमध्ये संघाने त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं आणि नंतर तो कधी सावरला नाही. म्हणजे वरचा क्रमांक पहिल्या वर्षीच्या कॅरीची बऱ्यापैकी हमी देतो, दुसऱ्या वर्षीची देत नाही. दुसऱ्या वर्षात आलेला, पहिल्या वर्षी नुसत्या कॅरीच्या संख्येवर तगलेला बॅक महाग मिळत असेल तर सावध राहा.

तिसऱ्या फेरीपासून पुढे हा क्रमांक फारसं काही सांगत नाही. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने ट्रे सर्मनला तिसऱ्या फेरीत आणि एलायजा मिचेलला सहाव्या फेरीत निवडलं. फँटसीवाले सर्मनच्या मागे होते. पहिल्या सामन्यात सर्मनचं नाव खेळणाऱ्यांच्या यादीतच नव्हतं. राहीम मोस्टर्ट दोन कॅरींनंतर जखमी झाला आणि मिचेलने १०४ यार्ड काढले. हंगामाअखेर मिचेलच्या खात्यात ९६३ यार्ड होते.

ड्राफ्ट शक्य तितका उशिरा ठेवा

लीगमध्ये तुमचा शब्द चालत असेल तर ड्राफ्ट प्रीसीझनचा, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांतला, शेवटचा सामना झाल्यावरच ठेवायला लावा. गणपतीच्या गडबडीत येत असेल तरी चालेल. नवख्यांचं नशीब ऑगस्टमध्ये फिरतं. २०१८ मध्ये वॉशिंग्टनचा डेरियस गाइस पहिल्याच प्रीसीझन सामन्यात गुडघा फाटून वर्षभरासाठी बाहेर गेला. २०२१ मध्ये जॅक्सनव्हिलचा ट्रॅव्हिस एटियेन असाच पाऊल दुखावून अख्ख्या हंगामाला मुकला. आधीच ड्राफ्ट उरकलेल्यांच्या हाती काहीच उरलं नाही.

याची दुसरी बाजूही आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीचा स्पेन्सर वेअर जखमी झाला आणि तिसऱ्या फेरीतला करीम हंट एका रात्रीत मुख्य बॅक झाला. पहिला सामना न्यू इंग्लंडच्या मैदानावर. एनएफएलमधली पहिलीच कॅरी, आणि हंटच्या हातातून चेंडू निसटला. घरच्या प्रेक्षकांचा गलका, समोरच्या संघाकडे चेंडू. कित्येक नवख्यांचा दिवस तिथेच संपतो. पण प्रशिक्षक अँडी रीड यांनी त्याला पुन्हा मैदानात पाठवलं आणि पाठवत राहिले. त्या रात्री हंटने धावून आणि झेलून २४६ यार्ड आणि तीन टचडाउन काढले. हंगाम संपला तेव्हा १,३२७ यार्डांसह तो रशिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे होता. मागे दुसरा तयार बॅक नव्हता, त्यामुळे चुकीला माफी मिळाली. वाट मोकळी असणं म्हणजे काय, हे मला त्या एका सामन्याने समजावलं.

प्रीसीझनच्या सामन्यांत यार्ड मोजत बसू नका. चौथ्या क्वार्टरमध्ये, महिनाभरात नोकरी जाणाऱ्या बचावपटूंसमोर काढलेल्या ऐंशी यार्डांना अर्थ नसतो. पोरगा पहिल्या फळीच्या क्वार्टरबॅकबरोबर मैदानात आहे का, ते बघा. आणि मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली त्या दिवशी यालाही बसवलं असेल, तर त्याच्यासारखी चांगली खूण नाही.

आता हिशेब

माझी पद्धत साधी आहे. खेळाडूसमोर तीन शक्यता लिहायच्या आणि प्रत्येकीला अंदाजे टक्के द्यायचे. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, पाचव्या फेरीत मिळणारा एक नवखा. सगळा चेंडू त्याला मिळाला तर आठवड्याला १७ गुण, शक्यता २५ टक्के. वाटणी झाली तर साडेनऊ, शक्यता ४५ टक्के. बसवून ठेवलं तर साडेतीन, शक्यता ३० टक्के. गुणाकार करून बेरीज केली की साधारण ९.६ येते. त्याच फेरीत आठवड्याला साडेदहा गुण देणारा, सात वर्षं खेळलेला भरवशाचा बॅक आहे. वरवर पाहता त्याला घ्यावं असं वाटतं.

पण थांबा. नवखा बसवला गेला तर तुम्ही त्याला खेळवणारच नाही. त्याच्या जागी वेव्हरवरचा, आठवड्याला आठ गुण देणारा कुणीतरी येईल. म्हणून तिसऱ्या रकान्यात साडेतीनऐवजी आठ धरा. बेरीज १०.९ होते आणि नवखा पुढे जातो. फसलेल्या खेळाडूचं नुकसान तुम्ही थांबवू शकता, फळलेल्याचा फायदा मात्र पूर्ण तुमचाच. मधल्या आणि खालच्या फेऱ्यांत नवखे घ्यावेत ते याचसाठी.

पहिल्या दोन फेऱ्यांत हाच हिशेब उलटतो. तिथे नवख्याऐवजी जो भरवशाचा खेळाडू हातून जातो तो आठवड्याला सोळा-सतरा गुणांचा असतो. त्या पातळीचा माणूस वेव्हरवर कधीच नसतो. शिवाय पहिल्या फेरीत घेतलेल्याला आपण बसवत नाही. वाईट खेळत असला तरी ‘या आठवड्यात चालेल’ म्हणत आठ-आठ आठवडे खेळवतो. म्हणजे तिसऱ्या रकान्यातले साडेतीन गुण खरोखर पदरात पडतात.

२०२० साली नेमकं हेच घडलं. कॅन्सस सिटीने क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरला पहिल्या फेरीच्या शेवटच्या, म्हणजे ३२ व्या क्रमांकावर घेतलं. जुलैच्या अखेरीस त्याच संघाचा बॅक डेमियन विल्यम्सने कोव्हिडमुळे हंगामातून माघार घेतली आणि फँटसीत या पोराचा भाव पहिल्या फेरीत जाऊन बसला. मीही त्याच भावात घेतलं. पहिल्या सामन्यात १३८ यार्ड झाले, पण गोल लाइनजवळ पुन्हा पुन्हा चेंडू मिळूनही तिथून आत जाता येईना. त्याकडे मी दुर्लक्ष केलं. ऑक्टोबरमध्ये संघाने लेव्हिऑन बेल हा आणखी एक बॅक आणला. हंगामाअखेर १३ सामन्यांत ८०३ रशिंग यार्ड, ३६ पास आणि एकूण पाच टचडाउन. पीपीआरने आठवड्याला साडेतेरा गुण. चौथ्या फेरीत मिळाला असता तर हाच खेळाडू उत्तम सौदा होता. पोराचं काही चुकलं नाही, मी भाव चुकीचा मोजला.

त्याच वर्षी, ३१ ऑगस्टला, जॅक्सनव्हिलने आपला मुख्य बॅक लेनर्ड फोर्नेटला सोडून दिलं. जागा जेम्स रॉबिन्सनला मिळाली, ज्याला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. १,०७० रशिंग यार्ड, ४९ पास, एकूण १० टचडाउन. १४ सामन्यांत आठवड्याला जवळपास अठरा गुण. फँटसी ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीत किंवा फुकटात.

ड्राफ्टच्या रात्री

प्रत्येक नवख्यासमोर एकच फेरी लिहून ठेवा. ‘याच्याआधी नाही.’ साठ सेकंदांत, चॅटवर सगळे ओरडत असताना विचार करता येत नाही. घरी शांतपणे लिहिलेला आकडा त्या वेळी हात धरतो. कुणी तुमच्याआधी घेतला तर जाऊ द्या. मी अजूनही दरवर्षी एखाद्यासाठी हळहळतो, पण आकडा बदलत नाही.

सुरुवातीच्या दोन रनिंग बॅकमध्ये किमान एक तरी पाहिलेला, पारखलेला हवा. पहिल्या आठवड्यात दोन्ही जागांवर नवखे असतील तर धीर धरणं अशक्य होतं, आणि नवख्यांचं सगळं खातं धीरावर चालतं. बेंचवर मात्र तीन-तीन नवखे ठेवायला हरकत नाही, वेगवेगळ्या संघांतले. शेवटच्या फेरीत दुसरा किकर किंवा दुसरा बचाव घेण्यापेक्षा असा बॅक घ्या, ज्याच्यापुढे एकच माणूस आहे आणि त्यालाही दुखापतींचा इतिहास आहे.

लिलाव पद्धतीची लीग असेल तर हे सोपं जातं. दोनशे डॉलर्सचं बजेट असेल तर सगळ्या नवख्यांवर मिळून किती खर्चायचं ते आधी ठरवा. मी तीसच्या वर जात नाही.

पहिले आठवडे

सोमवारी रात्रीचा सामना संपला की गुण बघण्याआधी स्नॅपची टक्केवारी बघा, म्हणजे संघाच्या किती चालींना पोरगा मैदानात होता ते. इलियटच्या पहिल्या सामन्यात २० कॅरींमध्ये फक्त ५१ यार्ड झाले होते. यार्ड बघणारा घाबरला असता, पण २० कॅरी हा आकडा पुरेसा होता. स्नॅप ३० टक्क्यांवरून ४०, मग ५० असे चढत असतील तर गुण कमी असले तरी धरून ठेवा. तीन आठवडे एकाच जागी अडकलेत आणि पुढचा माणूस धडधाकट आहे, तर बेंचची जागा दुसऱ्या कुणासाठी मोकळी करा.

दुखापतीतून परतणाऱ्याला वेगळं माप लावा. टॉड गर्लीचा गुडघा कॉलेजात, नोव्हेंबर २०१४ मध्ये फाटला. तरी सेंट लुईसने २०१५ मध्ये त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं. पहिले दोन आठवडे तो खेळलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात सहा कॅरी, नऊ यार्ड. चौथ्या आठवड्यात ॲरिझोनाविरुद्ध १४६ यार्ड. पहिल्या चार पूर्ण सामन्यांत मिळून ५६६ यार्ड झाले. तिसऱ्या आठवड्यानंतर ज्यांनी त्याला सोडून दिलं त्यांना तो परत मिळाला नाही.

धीराची खरी कसोटी मला इंडियानापोलिसच्या जोनाथन टेलरच्या २०२० मध्ये दिसते. पहिल्याच सामन्यात मुख्य बॅक मार्लन मॅक जखमी झाल्याने वाट मोकळी झाली, पण आठव्या आठवड्यात ११ कॅरींमध्ये २२ यार्ड, आणि त्याच सामन्यात दुसऱ्या बॅकला २० कॅरी. तेव्हा कित्येकांनी त्याला कवडीमोलाने देऊन टाकलं. चौदाव्या आठवड्यात रेडर्सविरुद्ध त्याने १५० यार्ड आणि दोन टचडाउन काढले. ३ जानेवारी २०२१ ला, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, जॅक्सनव्हिलविरुद्ध २५३ यार्ड. हे २५३ यार्ड बहुतेकांच्या कामी आले नाहीत, कारण त्यांच्या लीगचे अंतिम सामने आदल्या आठवड्यातच होऊन गेले होते. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अंतिम सामन्याचा आठवडा लिहायला सांगितला होता तो यासाठी. नवख्याला किती आठवडे सांभाळायचं, हे तिथून उलटं मोजत या.